घर स्वच्छ झाले, पण घाण कुठे गेली?



घर बांधून झाले, आशीर्वादाचा विधी झाला, पाहुणे जेवून गेले, की दुसऱ्या दिवशी घरातल्या बाईपुढे एक साधा प्रश्न उभा राहतो: आता हे घर झाडायचे-पुसायचे कशाने? जुन्या घरात हा प्रश्न नव्हता. जमीन मातीची, ती शेणाने सारवली जायची. भांडी चुलीतल्या राखेने निघायची. तांब्या-पितळेला चिंच, अंगणाला खराटा, घरात केरसुणी. एवढ्यावर पिढ्या गेल्या. आता आपल्या बीड जिल्ह्यात गावोगावी घरकुले उभी राहिली आहेत. शहाबादी फरशी आली, टाइल्स आल्या, ओट्याला कडप्पा आला, आणि मुख्य म्हणजे घराला लागून शौचालय आले. तेथे शेण आणि राख चालत नाही. मोंढ्यातल्या दुकानात जावे, तर निळ्या, हिरव्या, पांढऱ्या बाटल्यांची रांगच लागलेली. प्रत्येक बाटली म्हणते, सर्वांत प्रभावी मीच.

यात फादरांनी लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. बाजारहाट हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु थोडा विचार केला तर दिसेल, की घर साफ करताना आपण घाण नाहीशी करत नसतो. आपण ती हलवत असतो. ती कोठेतरी जाते, आणि जेथे जाते तेथे कोणीतरी राहत असते. म्हणून 'प्रभावी काय?' या प्रश्नाबरोबर 'कोणाच्या जिवावर?' हाही प्रश्न विचारावा लागतो. पहिला प्रश्न दुकानातला आहे, दुसरा विवेकाचा. आज दोन्ही एकत्र पाहू.

घाण म्हणजे काय?

माती शेतात असते तेव्हा आपण तिला काळी आई म्हणतो. तीच चपलेला चिकटून उंबऱ्याच्या आत आली, की ती घाण होते. तेल भाजीत असते तेव्हा अन्न, ओट्यावर सांडले की डाग. म्हणजे घाण ही काही वेगळी वस्तू नाही. वस्तू चांगलीच असते, तिची जागा चुकलेली असते. हे लक्षात ठेवले, तर घाणीविषयीची किळस थोडी कमी होते आणि डोके थोडे अधिक चालते.

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल सांगत असे, की कोणतीही वस्तू चांगली की वाईट हे तिच्या कामावरून ठरवावे. सुरी चांगली कधी? ती नीट कापते तेव्हा. मग साफसफाईच्या वस्तूचे काम कोणते? खरे पाहता ही चार वेगवेगळी कामे आहेत. धूळ काढणे हे झाडूचे आणि ओल्या फडक्याचे काम. तेलकटपणा काढणे हे साबणाचे किंवा धुण्याच्या सोड्याचे काम. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, म्हणून तेल पाण्याबरोबर निघून जाते. आपल्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर नळावर आणि बादलीवर बसतात, ते क्षाराचे असतात. त्यांना आंबट वस्तू लागते, म्हणजे लिंबू, चिंच, व्हिनेगर. आणि चौथे काम जंतू मारण्याचे. ते क्लोरीनसारख्या द्रव्याचे, पण आधी घाण धुऊन काढली असेल तरच. मळ तसाच ठेवून वरून जंतुनाशक ओतले, तर त्याची बरीचशी ताकद मळातच खर्च होते.

यातून पहिला व्यवहार कळतो. रोजच्या फरशीला जंतुनाशकाची गरज नसते. झाडू, पाणी आणि थोडा साबण पुरतो. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, तर त्या जागेला आणि शौचालयाला जंतुनाशक लागते, आणि ते टाकल्याबरोबर पुसून चालत नाही. दहा-एक मिनिटे तसेच राहू द्यावे लागते. ज्याचे काम त्याला द्यावे. एकच कडक बाटली सगळ्या कामांना लावणे म्हणजे कांदा चिरायला कुऱ्हाड घेणे.

वास म्हणजे स्वच्छता नव्हे

संत ऑगस्टीन यांनी खूण आणि वस्तू यांत फरक केला आहे. धूर ही विस्तवाची खूण. पण धूर म्हणजे विस्तव नव्हे. आपल्या घरात फिनेलच्या वासाचे असेच झाले आहे. वास आला की आपल्याला वाटते, घर स्वच्छ झाले. फेसाचेही तेच. भरपूर फेस म्हणजे भरपूर सफाई, असे काही नाही. उलट फेस धुऊन काढायला जास्त पाणी लागते. आपण पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात राहतो. 2016 आणि 2019 च्या उन्हाळ्यांत टँकरच्या मागे घागरी घेऊन धावलेली माणसे या जिल्ह्यात घरोघर आहेत. 2016 मध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा ठिकाणी एका ऐवजी तीन बादल्या पाण्याने फरशी धुवायला लावणारा साबण कितीही चकचकीत डब्यात असला, तरी तो आपल्यासाठी चांगला साबण नव्हे.

खूण आणि वस्तू यांतला फरक किती महाग पडू शकतो, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. 1847 साली ऑस्ट्रियातील व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर काम करत होते. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले, की डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येतात. त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे अठरा बायका मरत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनच्या आसपास आले. आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती याच चुन्याच्या कुळातली.

तरीही अनेक नामवंत डॉक्टरांनी सेमेलवाइस यांचे म्हणणे मानले नाही. आपल्यासारख्या प्रतिष्ठित माणसाच्या हातून मृत्यू जातो, हे त्यांना पटवून घेता येईना. त्यांचे कोट स्वच्छ असतील, नाव स्वच्छ असेल, पण हातावर जे होते ते होतेच. मला या घटनेतली सर्वांत मोलाची गोष्ट औषध वाटत नाही. आपल्या हातून दुसऱ्याला इजा होऊ शकते हे मान्य करणे, तेथून स्वच्छता सुरू होते.

अ‍ॅसिडची बाटली

आता नव्या घराकडे परत येऊ. फरशी बसवून झाली की तिच्यावर सिमेंटचे डाग राहतात. मिस्त्री जाता जाता सांगतो, अ‍ॅसिड मारा, चकाचक होईल. स्वस्त आहे आणि डाग डोळ्यांदेखत फसफसून निघतो. परंतु शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर अ‍ॅसिड पडले की डागाबरोबर दगडही फसफसतो, म्हणजे दगडच खाल्ला जातो. पृष्ठभाग खरबरीत होतो, त्या खळग्यांत मळ अडकतो, आणि पुढच्या वेळी अधिक अ‍ॅसिड लागते. टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यांचेही असेच होते. जे साफ करायला आणले तेच पुढे घाण धरून ठेवते. वाईट सवयीचा स्वभावही असाच असतो. ती आज सोय करून देते आणि उद्याची गरज वाढवून ठेवते.

याहून गंभीर गोष्ट अशी: अ‍ॅसिड आणि टीसीएल पावडर किंवा ब्लीच हे कधीही एकत्र करू नये. 'दोन्ही टाकले की दुप्पट सफाई' असा समज अनेक घरांत आहे. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने जो वायू सोडून शत्रूची माणसे गुदमरवली, तो हाच. हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साठतो. आपले शौचालय चार फूट रुंद, खिडकी वितभर, आणि आत खाली वाकून घासणारी बाई. पुढचे सांगायला नको.

आणि बाटली ठेवता कोठे? कित्येक घरांत सुटे अ‍ॅसिड किंवा फिनेल थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवलेले असते. लहान मूल बाटली पाहते, आत काय आहे ते त्याला कळत नाही. अ‍ॅसिडची दुसरी भीती तर आपण वर्तमानपत्रांत वाचतो. मुलींच्या चेहऱ्यांवर ते फेकले जाते म्हणून 18 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले: घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, नोंद ठेवावी, अठरा वर्षांखालील कोणाला देऊ नये. दुकानदाराने काही न विचारता बाटली हातात दिली, तर आपल्याला सोयीचे वाटते. पण ज्या दिवशी आपल्याला विनाचौकशी मिळते, त्या दिवशी ती दुसऱ्या कोणालाही तशीच मिळते. आपल्या सोयीचा हाही एक हिशेब आहे.

खड्ड्यात उतरणारा माणूस

शौचालयात आपण जे ओततो ते खाली जाते. खाली शोषखड्डा असतो किंवा सेप्टिक टँक. त्यात असंख्य सूक्ष्म जीव मैला कुजवण्याचे काम विनावेतन करत असतात. दोन खड्ड्यांच्या शौचालयाची योजना त्यांच्याच भरवशावर आहे: एक खड्डा भरला की बंद करावा, दुसरा सुरू करावा, वर्ष-दीड वर्षात पहिल्यातल्या मैल्याचे खत होते आणि कोणालाही ताज्या मैल्याला हात लावावा लागत नाही. आपण रोज अ‍ॅसिड आणि कडक जंतुनाशक ओतत राहिलो, तर हे जीव मरतात, कुजण्याचे काम मंदावते आणि टाकी गाळाने लवकर भरते. वर भांडे पांढरेशुभ्र, खाली टाकी तुंबलेली.

टाकी भरली की कोणाला बोलावतात, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. हे काम कोणत्या समाजाच्या माणसांकडे पिढ्यान्पिढ्या ढकलले गेले, हेही आपण जाणतो. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठलेले असतात. एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या कामाविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली अधिक कडक कायदा झाला. अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली, याचाच अर्थ माणसे अजून मरत आहेत.

म्हणून शौचालयासाठी काय घ्यावे, याचे उत्तर साधे आहे. लांब दांड्याचा चांगला ब्रश घ्या आणि रोज थोडे घासा. साबणाचे किंवा सोड्याचे पाणी पुरते. पिवळा थर बसू दिला नाही, तर अ‍ॅसिडची वेळ येत नाही. जे काम रोजच्या पाच मिनिटांच्या मेहनतीने होते, ते आपण महिन्यातून एकदा विषाने करतो, कारण मेहनत आपल्याला करावी लागते आणि विष दुसऱ्याकडे जाते. टाकी उपसायची झाली तर यंत्राची गाडी बोलवा. पैसे जास्त पडले तरी माणूस आत उतरवू नका. दोन-चार घरांनी मिळून गाडी बोलावली तर खर्चही वाटला जातो.

शुद्ध आणि स्वच्छ

येथे एक जुना गोंधळ आपल्याला सोडवावा लागेल. स्वच्छ असणे ही एक गोष्ट आणि 'शुद्ध' असणे ही दुसरी. मळ धुऊन जातो. विटाळ मात्र माणसाच्या मनात असतो आणि तो धुण्यासाठी पुन्हा माणसालाच दूर ढकलावे लागते.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. माणसे पाणी प्याली म्हणून मात्र तळे बाटले, आणि शेण-गोमूत्र मिसळलेल्या पाण्याचे घडे ओतून गावातल्या सवर्णांनी ते 'शुद्ध' केले. विचार करा, त्या तळ्यातून नेमके काय काढून टाकले? पाण्यातला एकही जंतू त्याने मेला नाही. काढून टाकायचा होता तो माणूस. साफसफाईचे साधन माणसाविरुद्ध वापरले गेले, ते असे.

येशूच्या शिष्यांनी हात न धुता जेवण केले म्हणून परूशी नाराज झाले, तो प्रसंग संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. कोणी त्यावरून म्हणेल, मग हात धुवायचे कशाला? तसा त्याचा अर्थ नाही. तेथे वाद आरोग्याचा नव्हता, विधीचा होता. बाहेरून आत जाणाऱ्या अन्नापेक्षा आतून बाहेर येणारे कपट माणसाला अधिक मलिन करते, हा प्रभूचा मुद्दा होता. हात जरूर धुवा, साबणाने धुवा, निदान वीस सेकंद चोळून धुवा. पण धुतलेल्या हाताने कोणाला ढकलू नका. आपल्यातल्या अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेऊन प्यायले आहे. त्यांची नातवंडे आज टाइल्सच्या घरात राहतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असेल, तर तो डाग कोणत्याही पावडरने निघणार नाही.

हातात झाडू कोणाच्या?

संत गाडगेबाबा (1876–1956) दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. गावाने झाडू हातात घेण्याआधी तो त्यांच्या हातात असे. पवित्र गुरुवारी आपण ज्या प्रसंगाची आठवण करतो, त्यातही पाण्याचे पात्र आणि फडके गुरूच्याच हातात आहे. आणि पाय धुणे म्हणजे त्या काळी रस्त्याची धूळ खरोखर धुणे होते. आपल्या घरांत मात्र साबण कोणता आणायचा हे टीव्हीवरची जाहिरात ठरवते, पैसे घरधनी देतो, आणि हात सोलतात ते बाईचे. ज्याच्या हाताला वस्तू लागते त्याला ती निवडण्याचा पहिला हक्क असावा. आणि घरातल्या पुरुषांनी महिनाभर शौचालय स्वतः घासून पाहिले, तर कोणती वस्तू प्रभावी आणि कोणती डोळे जाळते, हे कोणत्याही लेखापेक्षा लवकर कळेल.

कोणी म्हणेल, 'फादर, आम्ही सहा महिने कोपीवर राहणारी माणसे. नदीचा आणि खड्ड्याचा विचार करायला आम्हाला परवडत नाही.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. गरिबाच्या डोक्यावर जगाच्या शुद्धीचा भार टाकणे हा अन्याय आहे; कारखान्याच्या सांडपाण्यापुढे एका घरकुलाची बादली ती काय? परंतु येथे सांगितलेली एकही गोष्ट महाग नाही. उलट कडक बाटल्या कमी झाल्या की पैसे वाचतात. आणि विषाची पहिली झळ लागते ती आपल्याच मुलांना, आपल्याच विहिरीला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरतीचे दुःख आणि गरिबाचे दुःख एकत्र पाहायला शिकवले, आणि पाणी कमी वापरण्यासारख्या लहान रोजच्या कृतींनाही मोल दिले. ते आपल्या जिल्ह्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, काहीही वापरले तरी काही ना काही नुकसान होणारच. खरे आहे. साबणाचे पाणीसुद्धा कोठेतरी जाते. म्हणून नीतिशास्त्र आपल्याला निष्कलंक साधन शोधायला सांगत नाही; ते पुरेसे किती, हे ओळखायला सांगते. घाणेरडेपणा हे एक टोक, दिवसातून चारदा फिनेल हे दुसरे. मधली वाट शोधणे यालाच विवेक म्हणतात.

तर नव्या घरासाठी यादी करायची झाली, तर अशी करा: एक केरसुणी, एक खराटा, शौचालयाचा ब्रश, दोन बादल्या (एक साबणाच्या पाण्याची, एक फडके पिळायची), चार जुनी सुती फडकी, कपड्यांचा आणि भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, क्षारासाठी लिंबू किंवा चिंच, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर थोडी टीसीएल पावडर. रबरी हातमोज्यांचा एक जोड आपल्यासाठी, आणि घरी कोणी कामाला येत असेल तर एक त्यांच्यासाठी. अ‍ॅसिड यादीत नाही.

ही यादी घेऊन दुकानात जाल तेव्हा प्रत्येक वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारा. ही नेमके कोणते काम करते? ती कोणाच्या हाताला लागणार? आणि वापरून झाल्यावर ती कोठे जाणार? या तिन्हींची उत्तरे ज्या घराकडे आहेत, त्या घरी येणाऱ्याने बेशक चप्पल बाहेर काढून आत यावे. प्रभू अशा घरांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू